मधूनच सुरू होणारा खून

लीड्समधल्या थिएटरबाहेरच्या रांगेत विनिफ्रेड पार्गिटर उभी होती. सिनेमा तिच्याच रहस्यकादंबरीवरचा होता, पण तिला कोणी बोलावलंच नव्हतं. म्हणून ती आपली तिकीट काढून आली होती. तिच्या पुढे नणंद-भावजय बोलत होत्या.

“ग्वेन, इथे खेळ दिवसभर सलग चालू असतात, जागा रिकामी झाली की मधेच आत सोडतील. आधी शेवट बघायचा, मग पुढच्या खेळात सुरुवात. आपण आलो तो प्रसंग आला की उठायचं.”

“पण वहिनी, खुनी आधीच कळेल ना!”

“कळू दे की! खुनी कळला की खून कसा निवांत बघता येतो. मंगळवारी मी तसाच बघितला. घे, गोळी खा. रेशनच्या कूपनवरची शेवटची आहे.”

“पुस्तकात म्हणे डॉक्टरच खुनी आहे.”

“पुस्तकाचं काय सांगतेस! इथला डॉक्टर बघ किती देखणा आहे. तो खून करेल होय? सिनेमावाल्यांनी चूक सुधारली.”

“मग कोण गं?”

वहिनी तिच्या कानाशी लागली.

“अगं बाई! ती?”

“तीच. लेखिकेच्या डोक्यात तरी आलं असतं का?”

तीन वर्षं खपून विनिफ्रेडनं तो डॉक्टर शेवटच्या पानापर्यंत लपवला होता. तिला राहवेना.

“ती म्हणजे कोण हो?”

वहिनीनं वळून तिला आपादमस्तक न्याहाळलं.

“नाही हो बाई, ते सांगायचं नसतं. त्या लेखिकेनं बिचारीनं मरमरून लपवून ठेवलंय. आपण कशाला तिच्या पोटावर पाय द्यायचा?”