गुरुवारची कॉफी

औदा: टोपी काढली का त्याने? मला या खडकावरून दगडी कमानीआड त्याचं डोकं दिसत नाही.

नौफ: काढली होती. घाम पुसला आणि परत घातली.

औदा: तिसऱ्यांदा. अरे, खुणेची टोपी खुणेलाच काढायची, किती वेळा बजावलं त्या डॉक्टरला. अम्मानहून वादी रमच्या वाळवंटापर्यंत चार तास गाडी हाकत आला, आणि आता तोंडातून शब्द फुटत नाही. तेही दातांचा डॉक्टर असून.

नौफ: बाबा, हळू बोला. वॉकीटॉकी खरखरते आहे. ती बाई वळून बघतेय माझ्याकडे.

औदा: मग शेळीशी बोलतेस असं दाखव.

नौफ: शेळीशी एवढं कोण बोलतं?

औदा: तुझी आई. त्या बाईला काही संशय नाही ना आला?

नौफ: नाही. तिला वाटतंय दोघं ऊन उतरताना बघायला आलेत. कॅमेरा टोपलीत आहे, चाऱ्याखाली. दोघं बरोबर कमानीखाली उभे आहेत.

औदा: पाव तास आहे अजून. मग दगड लाल होतील आणि लगेच काळे. तेवढ्यात मागणी घालून मोकळा झाला तर बरं. मला हा खडक आता झेपत नाही, पोरी. तेरा वर्षं पालथा पडून गिऱ्हाइकांच्या मागणीचे लपून फोटो काढतोय. गुडघे टेकायचे दुसऱ्यांनी आणि दुखायचे माझे.

नौफ: म्हणून तर म्हणते, वर मी चढते, शेळ्या तुम्ही राखा.

औदा: तोंड झाकलेली शेळीवाली कोणाच्या नजरेत भरत नाही. दाढीवाला टोपली घेऊन बसला की सगळे बघतात. आणि लग्न ठरल्यावर तू कुठली यायला? गुरुवार आलाच.

नौफ: त्या गुरुवारचंच बोलायचं होतं.

औदा: आत्ता?

नौफ: घरी तुमच्यासमोर बसून नाही जमत. इथे तुम्ही दिसत नाही, म्हणून जमेल.

औदा: टोपीवर लक्ष ठेव.

नौफ: डोक्यावरच आहे ती. बाबा, गुरुवारी मुतलककाका वीस माणसं घेऊन येतील. कॉफी पुढे आली की पेला खाली ठेवतील आणि म्हणतील, आमच्या झैदानला नौफ द्या, मग पिऊ. तुम्ही म्हणाल, प्या. झालं माझं लग्न.

औदा: असंच होतं. सगळ्यांचं असंच झालं. झैदानमध्ये काय खोट आहे?

नौफ: काही नाही. खोट नाही म्हणूनच मला कोणी विचारलं नाही.

औदा: भावाला शब्द दिलाय मी.

नौफ: ठाऊक आहे मला. थांबा. टोपी.

औदा: खरी का घामाची?

नौफ: खरी. बसला गुडघ्यावर. घ्या, बाबा.

औदा: घेतोय. उन्हाकडे पाठ करून बसलाय शहाणा. तू बाजूने घे, तिचा चेहरा घे. आता हात तोंडावर जाईल, सगळ्यांचा जातो.

नौफ: नाही गेला.

औदा: मग रडेल.

नौफ: रडत नाही. बोलतेय.

औदा: काय बोलतेय?

नौफ: म्हणते, इतक्या सुंदर जागी कोणीही हो म्हणेल. मला थोडा वेळ दे.

औदा: या अल्ला. चिडला असेल तो.

नौफ: नाही चिडला. वाळूत बसलाय तिच्याशेजारी. टोपी घातली परत. तिला पाणी देतोय.

औदा: तेरा वर्षांत दोघी पळून गेल्या. एकीने अंगठी फेकली, ती शोधण्यात माझी अख्खी सकाळ गेली. पण वेळ दे असं कोणी म्हटलं नव्हतं.

नौफ: वाईट वाटलंय त्याला, दिसतंय. पण उठून नाही गेला. मी कॅमेरा झाकलाय, बाबा.

औदा: बरं केलंस. मीही झाकतो.



नौफ: आई सांगते, तुमची मागणी आली तेव्हा तिचे वडील बैठकीतून उठून आत आले होते.

औदा: असलं सगळं सांगते होय ती तुला?

नौफ: चुलीपाशी येऊन तिला विचारलं म्हणे, काय सांगू त्यांना? आणि आई गप्प बसली.

औदा: तासभर गप्प. बाहेर माझे वडील, चुलते, अठरा माणसं पेल्यांकडे बघत बसलेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

नौफ: राग आला होता?

औदा: भीती वाटली होती. पण पुढे संसारात वाईट दिवस आले ना, तेव्हा तो तासच आठवायचा. वाटायचं, हिने विचार करून हो म्हटलंय. त्यावर पुष्कळ निभावलं.

नौफ: मला तेवढंच हवंय. काय उत्तर देईन ते माझं मलाच ठाऊक नाही. पण ते मागायला तुम्ही माझ्याकडे या.

औदा: आणि नाही म्हणालीस तर? मुतलकला तोंड कसं दाखवू मी?

नौफ: ते मला नाही सांगता येणार.

औदा: नाहीच येणार. ते माझं मला बघावं लागेल. गेलं बघ ऊन. काय करतायत दोघं?

नौफ: बसलेत अजून. ती काहीतरी सांगतेय, तो ऐकतोय.

औदा: बसू दे. तू शेळ्या घेऊन हळूहळू निघ. मला खाली उतरायला वेळ लागेल. आणि नौफ, गुरुवारी चुलीपाशीच थांब. मी आत येईन.

नौफ: मला वेळ लागला तर? बाहेर सगळ्यांची कॉफी गार होईल.

औदा: होऊ दे. कॉफी पुन्हा करता येते.