बोटीवर पुढे कोण चालणार

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक वयस्कर जोडपं बसलं होतं. नवऱ्याच्या डोळ्यांत थेंब घातले होते, त्यामुळे ते डोळे मिटूनच बोलत होते.

“बोटीच्या सहलीचं बुकिंग रद्द करून टाक.”

“का? रोज संध्याकाळी तिथे जोडीनं नाचायला मिळणार, तेही खऱ्या बँडवर. क्लास कशासाठी लावला मग?”

“मला कडेचं दिसत नाही. परवा क्लासात तुला त्या बाईंवर आदळलं. बोटीवर तर पायाखालचंही हलतं.”

“मग सगळेच आदळतील. आपलं कोणाला कळणारही नाही.”

“चेष्टा नको. या नाचात पुरुष पुढे चालतो, बाई उलटी. समोरचं मलाच दिसायला हवं.”

“मी इतके दिवस मागे न बघता उलटी चाललेच की.”

“तुला मी होतो.”

“तुम्हाला मी आहे. क्लासच्या सरांकडून पुरुषाच्या स्टेप्स शिकतेय.”

“मला न सांगता?”

“सांगितलं असतं तर बुकिंग तेव्हाच रद्द केलं असतंत.”

तेवढ्यात नर्सनं त्यांना आत बोलावलं.

“चला.”

“थांब. माझा हात कुठे असेल?”

“माझ्या खांद्यावर. माझा तुमच्या खांद्यावर असायचा, तसाच.”

उठताना त्यांनी तो तिथेच ठेवला.