जानेवारीमा जासू

म्हातारी माणसं हट्टी असतात म्हणता ना? मग आमच्या बापूंचा हट्ट ऐका.

आई पावसाळ्यात गेली. तेव्हापासून बापू शहाद्याच्या घरात एकटेच असतात, म्हणून बहिणीनं त्यांना महिनाभर कॅनडाला बोलावलं. तिला सुट्टी दोनदाच मिळणार होती, जानेवारीत नाहीतर मेमध्ये. "मेमध्येच आण त्यांना," ती म्हणाली. "तेव्हा बर्फ नसतो, झाडं फुललेली असतात." मी तर शोधून शोधून अक्षय्य तृतीयेचं, म्हणजे आमच्या आखाजीचं, विमान काढलं. हवा चांगली, वर मुहूर्तही साधला, म्हणून माझा मीच खूश.

बापू म्हणाले, "नही. जानेवारीमा जासू."

"बापू, जानेवारीमा तठे बरफ पडस. तुमना गुडघा दुखतीन."

"दुखू दे."

मी मोबाईलवर बर्फात रुतलेल्या गाड्या दाखवल्या. बापूंनी चष्मा लावून नीट बघितल्या आणि म्हणाले, "चांगलं शे. जानेवारीमा जासू."

बहिणीनं फोनवर समजावलं, मग ती रडली, मग चिडली. बापू हलायला तयार नाहीत. शेवटी मी ओरडलोच, "मे महिनामा काय अडचन शे तुमले?"

बापूंनी चहाची बशी खाली ठेवली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आखाजीले तुन्ही मायनी घागर भरनी पडी. पहिलंच वरीस शे. ती पानी पेवाले ई, आनि दारले कुलूप देखी, तं कोठे जाई रे ती?"