वरचा भात

देगू शहरातल्या रुग्णालयात माझ्या पुढच्या बाकावर एक म्हातारी आणि तिचा मुलगा गिह्योन त्याच्या रक्ताच्या निकालासाठी थांबले होते.

"तळहात दाखव."

"किती वेळा, आई? पुरळ वाढलंय."

"सोल्हाताईच्या पेशी तुझ्या अंगावर उठल्यात."

"ताईच्या हाडांतला मगज चढवण्याआधी तिच्याच आवर घालणाऱ्या पेशी माझ्यात सोडल्या होत्या ना? तिच्या बाकीच्या पेशी माझ्यावर उठू नयेत म्हणून त्यांना धरून ठेवायला. दोन वर्षं धरलंच की त्यांनी."

"पुरळ कधी उठलं?"

"परवा."

"परवा तिचं वर्षश्राद्ध. मेलेलीचं ताट वाढलं आपण. आणि तिचं रक्त तर तुझ्यात जिवंत वाहतंय."

"आई, हळू बोल. लोक ऐकतायत."

"ऐकू देत! जन्मभर तुला वरचा पांढरा भात, तिला तळचा करपलेला. मगजही मागितला नाही आम्ही, हुकूम सोडला. मेल्यावर पहिल्यांदा तिला वरचा वाढला. चिडेल नाहीतर काय!"

गिह्योनने मान वर करून आईकडे टक लावून पाहिलं.

"काय रे? असा काय बघतोस?"

"भूक लागलीय. घरी गेल्यावर वरचा भात वाढ."

"तुला कायम वरचाच वाढलाय."

"मला? मला कधी वाढलास, आई?"