सुनेनं निवडलेलं उथळ सिंक

आमच्या सिंकची गंमत ऐका. गुडघे गेल्यापासून परसात बसून देवाची भांडी घासणं मला जमेना, आणि दुसऱ्यानं घासलेली मला चालत नाहीत. म्हणून कावेरी, माझी सून, मला कुंभकोणच्या दुकानात घेऊन गेली.

ओट्याएवढ्या उंचीवर जाड स्टीलचं खोल सिंक मांडलेलं. दुकानदार मला म्हणाला, "हेच उत्तम, पाट्टी!" पाट्टी म्हणजे तमिळमध्ये आजी.

मी टाचा उंचावल्या, तरी बोटं तळाला लागेनात. माझं तोंडच उतरलं.

कावेरी म्हणाली, "स्टील हेच, पण उथळ दाखवा."

"उथळातून पाणी उडतं, अम्मा. साडी भिजेल," दुकानदार तिला म्हणाला.

"भिजू दे. साडी दुपारपर्यंत वाळते. आत्याबाईंचा रुसवा आठवडाभर वाळत नाही!" आत्याबाई म्हणजे मीच, तिची सासू.

सगळं दुकान हसलं, मीसुद्धा.

आता देवाची भांडी मीच घासते. आणि बाकीची भांडी घासताना भिजलेली कावेरीची साडी दोरीवर मीच घालते, तिला हात लावू देत नाही.