समुद्राचा परवाना की रस्त्याचा

बंदराच्या कचेरीत शाळेतल्या बाई फेरीबोटीच्या पासासाठी रांगेत उभ्या होत्या, आणि त्यांच्यापुढे दोघे भाऊ. दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये, हे बाईंनी जन्मभर शिकवलं. पण देवानं पापणी डोळ्यांना दिली, कानांना दिली नाही.

“दादा, वारा चांगला आहे. दोन दिवसांत बोट उत्तरेच्या बंदरात नेतो. ट्रक कशाला?”

“ट्रक बरा.”

“एवढ्या खड्ड्यांतून? बाबांची बोट आहे ती, कपाट नव्हे.”

“मोठा मी की तू?”

“पाणी शिरू नये म्हणून तळाच्या फटींत कापूस नीट ठोकलास ना?”

“ठोकला म्हटलं ना.”

“मग दुरुस्तीनंतर एकदाही पाण्यात का नाही उतरवलीस? वरून रंग तेवढा चकचकीत.”

“माझ्यावर संशय घेतोस?”

“छे, संशय कसला. वहिनीला आणि पोरींनाच सोबत नेतो. वाटेवर माहेर आहे तिचं.”

“त्या नकोत.”

“का?”

“पोरींना बोट लागते.”

“पोरी बोटीतच वाढल्यात, दादा.”

दादानं रुमाल काढून कोरडाच चेहरा पुसला.

“आणि मी एकटा गेलो तर चालेल?”

“तुला तरी कोण जा म्हणतंय? उगाच का सकाळपासून ट्रक ट्रक करतोय मी?”

खिडकीतून कारकुनानं विचारलं, “परवाना कुठला? समुद्राचा की रस्त्याचा?”

धाकट्यानं भावाकडे एकदा नीट पाहिलं.

“रस्त्याचा,” तो म्हणाला. “आणि दादा, तिथं पोचल्यावर कापूस मी ठोकणार. तू नुसती हातोडी दे.”