नववं वाक्य

थांब गं, वर नको जाऊस एवढ्यात — बस त्या स्टुलावर, आणि ते सहीचं पान ओट्यावर नको ठेवू, ओलं होईल. उद्या प्रबंध द्यायची शेवटची तारीख, माहितीये मला! तुझे सर चिडलेत, रुसलेत, विचारात गढलेत की चक्क खुशीत आहेत, हे इथून कळायचं नाही — आणि कळायची गरजही नाही. अगं, तूच नाही का तीनशे पानं लिहिलीस त्यावर? यंत्र कुठल्याही अवस्थेत असू दे, ठरलेली बटणं ठरलेल्या क्रमाने दाबली की ते एकाच जागी येऊन उभं राहतं — मग नवरा काय वेगळा असतो? बटणं दोनच. पहिलं, 'काही हवंय का?' — खुशीत असले तर विचारात पडतात, विचारात असले तर चिडतात, चिडले असले तर रुसतात, आणि रुसलेले असले की खुलतात. दुसरं, 'तुमचंच बरोबर होतं' — ते फक्त रुसलेल्याला लागू पडतं, एरवी या कानाने ऐकून त्या कानाने सोडतात. आता मोज. एकदा बरोबर, तीनदा हवंय, परत बरोबर, परत तीनदा हवंय, शेवटी बरोबर. नऊ वाक्यं! कुठूनही सुरुवात होऊ दे, नवव्याला स्वारी खुशीत. याहून कमीत जमत नाही, मी सगळं करून बघितलंय — हसतेस काय? सरांच्याच वर्गात शिकायला होते मी, त्यांच्यापेक्षा चार मार्क जास्तच होते मला. विचार हवं तर. नको, नको विचारू.

तू चपला काढत होतीस तेव्हापासून पाच झालीत माझी. अहो, काही हवंय का? — बघ, हूं नाही की चूं नाही, विचारात आहेत. अहो, काही हवंय का? — ओरडले! ओरडू देत. काही हवंय का? — हां, आपटलं दार, रुसले. आठ झाली.

मागच्या रविवारी? मागच्या रविवारीही आठच झाली... त्याच्या आधी? तेव्हाही आठच गं. अशी बघू नकोस माझ्याकडे. आठावर थांबलं की बहुतेक वेळा रुसलेलेच राहतात, मग सही होत नाही, मग तू परत येतेस — इथे बसून मला नवं प्रकरण वाचून दाखवतेस, मी चूक काढते, आणि तू म्हणतेस, 'काकू, हे कसं सुचलं तुम्हाला?' किती वर्षांनी विचारलं गं मला कुणी ते! म्हटलं, अजून एक रविवार. मग अजून एक. चार महिने झाले, नाही? वाईट वागले मी, फार वाईट वागले.

पर्स कशाला उचलतेस, बस म्हटलं ना — अहो! तुमचंच बरोबर होतं!

ऐकलंस? शीळ घालतायत. जा, पळ, पान घे, पेन माझं घे. आणि सही झाली की पुढच्या दाराने जा. इकडून नको येऊस.